गिऱ्हाइकाची माहिती ही अमानत

नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे 'मुस्लिम प्रो' हे ॲप जगभर कोट्यवधी मोबाइलवर गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तस्थळाने उघड केले, की ते वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा 'एक्स-मोड' कंपनीकडे जात होता, आणि ही कंपनी अशी माहिती अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांना विकत होती. ॲपच्या मालकांनी लष्कराला माहिती विकल्याचा इन्कार केला. एक्स-मोडशी संबंध मात्र तोडले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने प्रार्थनास्थळे, दवाखाने अशा नाजूक ठिकाणांवरील लोकांची माहिती विकण्यास या कंपनीला मनाई केली.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला; नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर होऊन त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळण्यात हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा मात्र आम्हाला खटकते. कायदा सर्वांना सारखा हवा.

व्यापारी व कारागीर बांधवांनी दोन गोष्टी कराव्यात. नमाजच्या वेळांसाठी शहराचे नाव पुरते. ॲपला चोवीस तास ठावठिकाणा देऊ नये. आणि मोबाइलवर, संगणकावर साठवलेले गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते, उधारीचे हिशेब दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत. अमानतीत खयानत करणाऱ्या कंपनीला आपण नावे ठेवतो. तोच नियम आपल्या गल्ल्यालाही लागू आहे.