फ्रेमला भोकं नाहीत, मग सायकलला कॅरियर बसवायचं कसं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना एका हातात पाना धरून वाचायचंय, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलण्यातले चार-पाच 'म्हणजे ना' कापलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

सकाळी बाळकुम नाक्यावर उभे राहा. कशेळी पुलावरून काल्हेरच्या गोदामांकडे कामाला जाणारे कितीतरी जण सायकलवर दिसतील. सायकल बहुतेकदा मोठ्या टायरची, गिअरवाली, दिसायला झकास. आणि पाठीवर? सात-आठ किलोची सॅक. डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, चार्जर. घामाने शर्ट भिजलेला, खांदे दुखतायत. कॅरियर का नाही लावत, तर उत्तर एकच: "या सायकलला कॅरियर बसत नाही. दुकानदार म्हणाला, भोकंच नाहीयेत."

भोकं म्हणजे काय, ते आधी बघू. प्रवासासाठी बनवलेल्या सायकलींच्या फ्रेमला मागच्या एक्सलजवळ आणि सीटच्या खाली आटे पाडलेली छोटी भोकं असतात. त्यात ५ मिमीचा बोल्ट जातो, कॅरियर बसलं, विषय संपला. बऱ्याच माउंटन बाइकवर ही भोकं नसतात.

पण गंमत बघा. आपल्या दूधवाल्याची काळी सायकल आठवा. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. किंवा १८९० पासून चालत आलेल्या मुंबईच्या डबेवाल्यांची सायकल, हँडलपासून कॅरियरपर्यंत डबेच डबे. त्या सायकलींचं कॅरियर फ्रेमवरच्या अशा भोकांच्या भरवशावर नसतं. कॅरियरचे पाय सरळ मागच्या एक्सलच्या नटाखाली अडकवलेले असतात. त्याच नटावर मडगार्डची तार आणि स्टँडसुद्धा. वरचं टोक सीटखालच्या बोल्टला. बस्स.

म्हणजे भोकं नसणं ही अडचण नवी नाहीये, आणि उत्तरही नवं नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: वजन खाली एक्सलपर्यंत गेलं पाहिजे. वरचा जोड फक्त कॅरियरला पडू देत नाही.

थोडं गणित, घाबरू नका

समजा १५ किलो सामान आहे आणि त्याचा मध्य एक्सलच्या १० सेंटीमीटर मागे येतो. कॅरियरचा वरचा जोड एक्सलपासून ४० सेंटीमीटर उंच आहे. तर वरच्या जोडावर ओढ किती? १५ गुणिले १०, भागिले ४०. पावणेचार किलो. आणि अख्खे १५ किलो खालच्या दोन पायांवर.

आता दुसरा प्रकार घ्या. ऑनलाइन बघाल तर सीटच्या दांड्याला एकाच क्लॅम्पने धरलेलं, मागे हवेत तरंगणारं कॅरियर मिळतं. दोन मिनिटांत बसतं, म्हणून मोह होतो. सामान १० किलो, दांड्यापासून ३० सेंटीमीटर मागे, क्लॅम्पची उंची ५ सेंटीमीटर. १० गुणिले ३०, भागिले ५. क्लॅम्पच्या वरच्या आणि खालच्या कडेवर ६० किलोची ओढाताण! आणि हे सायकल उभी असताना. खड्ड्यात गेली की हा आकडा कितीतरी वाढतो. शिवाय सामान एका बाजूला झुकलं की क्लॅम्प दांड्याभोवती फिरतो. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात: एक जागा गेली की सगळं गेलं. डबा आणि रेनकोट एवढ्यासाठी हे चालेल. तांदळाच्या पोत्यासाठी नाही. सीटचा दांडा कार्बनचा असेल तर अजिबात नाही.

खालचा जोड: आधी चाक कसं निघतं ते बघा

मागचं चाक काढायला पाना लागतो? मग तुमचा एक्सल भरीव आणि नटवाला आहे, आणि तुम्ही नशीबवान आहात. दूधवाल्याचीच पद्धत वापरा. पायाच्या टोकाला एक्सल जाईल एवढं भोक असलेलं कॅरियर घ्या, पाय फ्रेमच्या बाहेरच्या बाजूने नटाखाली बसवा. दोन गोष्टी तपासा. नट पूर्ण आट्यांवर बसला पाहिजे, अर्धाच चढत असेल तर ती पट्टी जाड आहे. आणि घट्ट करताना चाक मधोमध आहे ना, चेन सैल पडली नाही ना, ते बघा. तोटा एकच: मागचं चाक काढायचं झालं की कॅरियरचे पायही सोडावे लागतात.

चाक पाना न लावता, खटका उघडून निघतं? मग तो क्विक रिलीज. त्याचा एक्सल पोकळ असतो आणि आतून बारीक सळई जाते. मूळ सळईवर कॅरियर अडकवू नका, ती चाक धरायला आहे, वजन पेलायला नाही. कॅरियरचे पाय बसतील अशा खास सळया मिळतात. अमेरिकेतली ओल्ड मॅन माउंटन ही कंपनी तर एक्सलवर बसणाऱ्या कॅरियरसाठीच ओळखली जाते. महाग प्रकार आहे, पण तत्त्व दूधवाल्याचंच.

स्वस्त मार्ग म्हणजे रबराचं अस्तर असलेला पाइप क्लॅम्प. इंग्रजी 'पी'सारखा दिसतो, हार्डवेअरच्या दुकानात विचारा. तो सीटपासून एक्सलकडे उतरणाऱ्या नळ्यांवर बसतो. माप घ्यायला कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, लांबी मोजा, ३.१४ ने भागा. ५० मिमी भरली तर नळी साधारण १६ मिमीची.

इथे एक मेख आहे. क्लॅम्प नळीला फक्त घर्षणाने धरतो. नळीच्या मध्यावर लावलात तर प्रत्येक खड्ड्यागणिक तो थोडा थोडा खाली सरकणार, आणि एक दिवस कॅरियर टायरवर टेकणार. मागे कंटेनर असताना मागचं चाक जॅम होणं म्हणजे काय, हे भिवंडी रोडवर सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको. म्हणून क्लॅम्प अगदी तळाशी लावा, नळी जिथे एक्सलच्या पट्टीला वेल्ड केलेली असते तिथे. मग तो वेल्डच्या जाडीवर टेकतो, सरकायला जागाच उरत नाही. नळ्या कार्बनच्या असतील तर क्लॅम्प लावूच नका. दाबाने कार्बन चिरडतो.

वरचा जोड

इथे ओढ कमी, त्यामुळे पर्याय जास्त. सगळ्यात सोपा म्हणजे दोन भोकं असलेला सीट क्लॅम्प. जुना काढायचा, त्याच मापाचा हा घालायचा. ३१.८ आणि ३४.९ मिमी ही मापं जास्त दिसतात, आकडा बऱ्याचदा जुन्या क्लॅम्पवरच लिहिलेला असतो. नाहीतर वरच्या बाजूला पुन्हा तेच रबरवाले क्लॅम्प. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की रंगही वाचतो आणि पकडही वाढते.

डिस्क ब्रेक असेल तर डावा पाय ब्रेकच्या यंत्रणेवर आपटतो. तिथे लोखंडी नळीचा छोटा तुकडा मध्ये घालून पाय बाहेर घ्या आणि बोल्ट तेवढा लांब वापरा. पण अंतर जितकं वाढेल तितका बोल्ट वाकायला बघतो, म्हणून गरजेपुरतंच. मऊ, स्वस्त बोल्ट नको. डोक्यावर ८.८ लिहिलेला लोखंडी किंवा चांगला स्टेनलेस घ्या.

मागेही शॉकॲब्सॉर्बर असलेली सायकल असेल तर थांबा. तिथे मागचं चाक सीटच्या तुलनेत वर-खाली होतं. पाय एक्सलला आणि वरचं टोक सीटला बांधलंत, तर प्रत्येक खड्ड्यात कॅरियर पिळवटलं जाणार. अशा सायकलला हलकं, सीटच्या दांड्याचं कॅरियरच बरं.

आणि दोन गोष्टी कुणी कितीही आग्रह केला तरी नको: फ्रेमला ड्रिलने भोक पाडणं आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर वेल्डिंग. उष्णतेने त्या जागेची ताकद जाते आणि फ्रेम तिथेच तडकू शकते. प्लास्टिकचे टाय वायर बांधायला ठीक, वजन पेलायला नाही.

टेस्टिंग केल्याशिवाय रिलीज नाही

बसवून झालं की आधी पाच किलो तांदूळ बांधा आणि कॅरियर हाताने जोरात हलवा. मग सोसायटीच्या आवारात चक्कर मारा. पेडल मारताना टाच बॅगेला लागते का? बॅगेचे पट्टे तारांपासून लांब आहेत का? मागचा लाल दिवा सामानाआड तर जात नाही ना? जात असेल तर तो कॅरियरच्या टोकाला लावा. जड सामान खाली आणि सीटजवळ ठेवा, नाहीतर पुलाच्या चढावर पुढचं चाक हलकं लागतं.

शेवटची युक्ती फुकटातली. प्रत्येक नटावरून फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. पहिल्या वीसेक किलोमीटरनंतर बघा, मग दर रविवारी, आणि पावसाळ्यात रोज निघताना. पाच सेकंदांचं काम आहे.

कॅरियरवर कमाल वजन कोरलेलं असतं, बऱ्याचदा २५ किलो. तो आकडा कॅरियरचा आहे, तुमच्या क्लॅम्पचा नाही. क्लॅम्पवर बसवलं असेल तर मी त्याच्या निम्म्यावर थांबेन.

तुमच्या सायकलचं मागचं चाक कसं निघतं, नटाने की खटक्याने, ते फोटोसकट कळवा. अडलेल्या सायकली पुढच्या भागात घेऊ. तोवर सॅक पाठीवरून उतरवा!