अस्थिर जुना संगणक, कार्यप्रणालीची निवड आणि मराठी दस्तऐवजांचे जतन

प्रस्तावना :

घरातील जुना संगणक मधूनच बंद पडू लागला, की दुरुस्तीसाठी येणाऱ्या तंत्रज्ञाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो." या उत्तरात दोन स्वतंत्र प्रश्नांची सरमिसळ झालेली असते. संगणक अस्थिर का झाला, हा पहिला प्रश्न. आणि त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली असावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळण्यापूर्वीच दुसऱ्याला हात घातला, तर मूळ दोष तसाच राहतो आणि संगणकातील मजकूर मात्र धोक्यात येतो. मराठीतून लेखन करणाऱ्या प्राध्यापकवर्गाच्या बाबतीत हा धोका इंग्रजीतून लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक आहे. तो का, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखकाला हा विषय अनुभवातून सुचला. नाशिक येथील घरी २००९ मध्ये घेतलेला ड्युअल-कोर संगणक २०१९ च्या पावसाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. दोनदा फॉरमॅट करण्यात आला. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी तोच प्रकार. दोष अखेर एसएमपीएसमध्ये, म्हणजे विद्युतपुरवठा करणाऱ्या पेटीत सापडला. ती बदलताच संगणक स्थिर झाला. दरम्यान ‘डी’ ड्राइव्हवर सुरक्षित असलेली एम.फिल.ची प्रबंधिका उघडली, तेव्हा पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अनाकलनीय माळ उमटली. फाइल शाबूत होती. फॉरमॅटमध्ये गेला होता तो फॉन्ट.

दोष शोधण्याचा क्रम :

अस्थिरतेची कारणे यंत्रसामग्रीत आहेत की प्रणालीत, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या हार्डडिस्कवर काहीही न लिहिता पेन ड्राइव्हवरून किंवा डीव्हीडीवरून थेट चालविता येतात. अशा रीतीने संगणक सुरू करून तो तीन-चार तास वापरावा. याही स्थितीत तो बंद पडत असेल, तर दोष यंत्रसामग्रीत आहे असे मानण्यास हरकत नाही. फॉरमॅटने तो जाणार नाही. उलट या स्थितीत तो सुरळीत चालला, तर संशय हार्डडिस्क, चालक-प्रणाली अथवा विषाणू यांच्याकडे वळतो. याच वेळी पेन ड्राइव्हवरून आपल्या सर्व फाइलींची प्रत बाहेरील डिस्कवर घेता येते. किंबहुना तपासणीपूर्वी हेच काम प्रथम करावे.

यंत्रसामग्रीत पहिला संशय विद्युतपुरवठ्याचा. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले, त्याचे व्रण त्या काळातील अनेक संगणकांवर आहेत. वीज जाताना आणि विशेषतः परत येताना होणारे दाबाचे चढउतार एसएमपीएसमधील कॅपॅसिटरना झिजवतात. त्यात २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष विद्युत-अपघटनी द्रव भरलेले कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांवर बसविले गेले होते. ते ओळखणे अवघड नाही : संगणकाची वीज काढून बाजूचे पत्र्याचे झाकण उघडावे, प्रोसेसरजवळच्या नळकांड्यांचे सपाट माथे फुगलेले असतील किंवा त्यांतून तपकिरी द्राव आलेला असेल, तर निदान झालेच. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही तिच्यात घातक दाब शिल्लक राहतो. तिची १२ व्होल्टची वाहिनी तंत्रज्ञाकडून मल्टिमीटरने मोजून घ्यावी. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट, मान्य असतो. जुन्या घरांतील तीन-पिनी सॉकेटला प्रत्यक्षात अर्थिंगच नसणे हेही सर्रास आढळते. त्याची तपासणी वायरमनने करावयाची आहे, संगणक-तंत्रज्ञाने नव्हे.

उष्णतेचा दोष वेळेवरून कळतो. संगणक सुरू केल्यानंतर ठरावीक काळाने, आणि उन्हाळ्यात लवकर, बंद पडत असेल, तर पंख्यातील धूळ काढून प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलावा. रॅमचा दोष मात्र लहरी असतो. निळा पडदा प्रत्येक वेळी वेगळा संदेश दाखवितो. आपल्याकडील तंत्रज्ञ रॅमची सोनेरी पट्टी खोडरबराने पुसून पुन्हा बसवितात. हा उपाय गावठी वाटला तरी गंजलेल्या जोडणीवर तो बऱ्याचदा लागू पडतो. खात्रीसाठी मेमटेस्ट८६+ ही विनामूल्य चाचणी रात्रभर चालवावी. एकही चूक दिसली तरी ती पट्टी बदलणेच योग्य. हार्डडिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या नोंदीत पुनर्स्थापित सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर प्रत घेण्यास एक दिवसही विलंब करू नये. घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदलला की काम होते.

मजकूर शाबूत, परंतु वाचता न येणारा :

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे आणि भारतीय लिपींसाठीचे आयएससीआयआय हे मानकही त्याच वर्षीचे. विंडोजमध्ये मात्र देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून आली, आणि मुद्रणालये व टंकलेखन केंद्रे यांनी त्यानंतरही कित्येक वर्षे श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील जुन्या फॉन्टवरच काम केले. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असतात. फाइलीत साठते ते रोमन अक्षराचे किंवा चिन्हाचे संकेतांक. मराठी दिसते ते केवळ फॉन्टमुळे. फॉन्ट नसेल, तर संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलीत मराठी कधी नव्हतेच.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु ती त्या-त्या फॉन्टच्या मांडणीसाठीच चालतात, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांची मांडणीही भिन्न असू शकते. शिवाय क्रमाचा प्रश्न राहतो. ‘कि’ लिहिताना जुना फॉन्ट वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवितो, कारण कागदावर ती तशी दिसते. युनिकोड उच्चारक्रमाने ‘क’ आधी ठेवतो. ‘कर्म’ मधील रफार जुन्या पद्धतीत ‘म’ नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त ‘म’ च्या आधी. रूपांतरात सर्वाधिक चुका येथेच होतात. ‘ऱ्या’ मधील अर्धा ‘ऱ’ ही तर खास मराठीची गरज असल्याने हिंदीसाठी तयार केलेली साधने तेथे हमखास अडखळतात. लेखकाची प्रबंधिका एका सहकाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट सापडल्यामुळे वाचता आली. रूपांतरानंतर तिचे मुद्रितशोधन मूळ लेखनाइतकेच वेळखाऊ ठरले.

म्हणून फॉरमॅटला संमती देण्यापूर्वी फाइलींबरोबर विंडोजमधील ‘फॉन्ट्स’ या फोल्डरचीही संपूर्ण प्रत घ्यावी आणि महत्त्वाच्या प्रत्येक दस्तऐवजाची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार अंतर्भूत होत असल्याने तो मजकूर कोठेही वाचता येतो, जरी त्यात शब्द शोधता येत नाही.

कार्यप्रणालीची निवड :

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केलेल्या वैयक्तिक वापरकर्त्यांना विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने मिळण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक नव्या पिढीचे प्रोसेसर आवश्यक असल्याने २०१७ पूर्वीचे बहुसंख्य संगणक अधिकृतपणे अपात्र ठरतात. या अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे पुष्कळ आहेत. जुन्या यंत्रावर तो मार्ग लेखकाला हिताचा वाटत नाही.

इंटरनेटसाठी वापरावयाच्या जुन्या संगणकाला लिनक्स हा व्यवहार्य पर्याय उरतो. सी-डॅकने २००७ मध्ये प्रथम प्रसृत केलेली डेबियनवर आधारित बॉस, स्वतः डेबियन किंवा लिनक्स मिंट यांपैकी कोणतीही निवडावी; पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिल्याशिवाय मात्र निवडू नये. २००७ नंतरचे अनेक प्रोसेसर ६४-बिटचे असूनही त्यांवर ३२-बिट विंडोज बसविलेले असते, हे येथे ध्यानात घ्यावे. केवळ ३२-बिट चालणाऱ्या यंत्रांसाठी पर्याय आक्रसत आहेत. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने त्यांच्यासाठीची स्थापना बंद केली. हार्डडिस्कऐवजी एसएसडी आणि रॅम ४ जीबी केल्यास फरक स्पष्ट जाणवतो.

जतन केलेले जुने ट्रूटाइप फॉन्ट लिनक्सवरही बसविता येतात आणि लिब्रेऑफिसमध्ये बहुतेक जुन्या फाइली वाचता येतात. नवे लेखन मात्र इन्स्क्रिप्ट कळफलकावर युनिकोडमध्येच करावे. लिनक्सवर आरंभी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसल्याने काही सहकारी नाराज होतात. मराठीची सोय असलेल्या फॉन्टमध्ये दस्तऐवजाची भाषा मराठी निवडल्यास ती अक्षरे आपल्या वळणाची होतात.

ज्यांचे जुने टंकलेखन-सॉफ्टवेअर डोंगल लावल्याखेरीज चालत नाही, त्यांची अडचण वेगळी आहे. प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणारे डोंगल नव्या संगणकाला जोडताच येत नाही. अशा वेळी जुने यंत्र दुरुस्त करून, त्याची इंटरनेट-जोडणी काढून, त्यावरील एक्सपी तसेच ठेवावे आणि सर्व फाइलींचे रूपांतर पूर्ण होईपर्यंत त्याचा उपयोग केवळ वाचनासाठी करावा.