एल्फिन्स्टन घराणे : एक आडनाव, अनेक पुरुष

इतिहासाच्या तासाला आम्हास दरवर्षी एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो : “१८१७ साली पुण्यास रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन १८५७ साली मुंबईचा गव्हर्नर कसा?” प्रश्न मुळीच भाबडा नाही. पाठ्यपुस्तके आडनावापुढे जात नाहीत, म्हणून तो उद्भवतो. त्याचे उत्तर या घराण्याच्या वंशावळीत आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व लोथियन प्रांतात एल्फिन्स्टन नावाचे गाव आहे. त्यावरूनच घराण्याचे आडनाव पडले. आपल्याकडील ‘कर’ प्रत्ययाचीच ही रीत. राजा चौथा जेम्स याने १५१० मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टन यास लॉर्ड ही पदवी दिली. ९ सप्टेंबर १५१३ रोजी फ्लॉडनच्या रणांगणावर इंग्रजांशी लढताना राजा व हा सरदार दोघेही पडले. दुसरा लॉर्डही १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत कामास आला. त्याच काळी याच नावाच्या विल्यम एल्फिन्स्टन या बिशपाने १४९५ मध्ये ॲबर्डीनचे विद्यापीठ स्थापिले. पुढे घराण्याची एक शाखा बाल्मेरिनो या पदवीने नांदू लागली. तिचा सहावा लॉर्ड आर्थर हा स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने लढला. १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला आणि शाखेची पदवी खालसा झाली. ज्या इंग्रजी सत्तेशी लढताना पूर्वज पडले, तिच्याच सेवेत वंशज हिंदुस्थानात आले, ते का?

याचे कारण तेथील वारसाहक्कात आहे. आपल्याकडे वतनाच्या वाटण्या होत आणि भाऊबंदकी माजे. तेथे पदवी व मुख्य जहागीर थोरल्याकडे जाई आणि धाकट्यांना आपले नशीब काढावे लागे. दहाव्या लॉर्डचा थोरला मुलगा अकरावा लॉर्ड झाला. धाकट्यांपैकी जॉर्ज कीथ आरमारात शिरून ॲडमिरल झाला, तर विल्यम कंपनीचा डायरेक्टर झाला. अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा माउंटस्टुअर्ट (१७७९–१८५९). हा १७९६ मध्ये कोवळ्या वयात कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो वेलस्लीबरोबर होता; पुढे नागपूरचा व १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट झाला. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पेशवाई बुडाली, आणि १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता.

१८५७ चा गव्हर्नर तो नव्हे. तो माउंटस्टुअर्टचा पुतण्या, तेरावा लॉर्ड जॉन (१८०७–१८६०). तो आधी मद्रासचा व १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. तिसरा एल्फिन्स्टन म्हणजे काबूलचा सेनापती विल्यम. हा डायरेक्टर विल्यमचा मुलगा, म्हणजे माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. जानेवारी १८४२ मध्ये त्याच्या हाताखालील सैन्य व बुणगे मिळून सुमारे सोळा हजार माणसांची माघारीत धूळधाण उडाली, आणि तो स्वतः त्याच वर्षी कैदेत मरण पावला. माउंटस्टुअर्टने १८०९ मध्ये पेशावरास शाह शुजाची भेट घेऊन काबूलच्या राज्यावर ग्रंथ लिहिला होता. एका भावाने अभ्यासिलेल्या देशात दुसऱ्याने सैन्य घालविले.

माउंटस्टुअर्ट व जॉन दोघेही अविवाहित राहिले. जॉननंतर पदवी चुलत शाखेकडे गेली. ती आजही चालू आहे. मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे मात्र २०१८ मध्ये प्रभादेवी असे नामांतर झाले. नाव पुसले गेले तरी इतिहासाचा हिशेब उरतोच. पेशवाईचा अंत, सत्तावन्नचा बंदोबस्त आणि काबूलचा अनर्थ एकाच खात्यावर मांडणे हा तिघांवरही अन्याय होय. आणि त्याहून अधिक तो आमच्या विद्यार्थ्यांवर आहे. कुलवृत्तांत आपण थोरवी मिरविण्यासाठी वाचतो. ज्याचे त्याच्या पदरी घालण्यासाठीही तो वाचावा, इतकेच आमचे सांगणे.