प्लास्टर निघाल्यानंतरचा उपचार

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, प्रसूती व बाह्यरुग्ण यांची आकडेवारी ठळकपणे दिली जाते. भौतिकोपचार विभागाच्या वाट्याला मात्र बहुधा एखादीच ओळ येते. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक या विभागाविषयी नेहमी विचारणा करतात, म्हणून यंदा त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय भाग विभागातील तज्ज्ञांकडून समजून घेऊन मांडला आहे.

आरंभी एक अनुभव नमूद करणे आवश्यक वाटते. एका शेतमजूर भगिनीचे उजवे मनगट बांधावरून घसरून मोडले. प्लास्टर आपल्याच रुग्णालयात घातले व यथाकाल काढले. क्ष-किरण चित्रात हाड उत्तम जुळलेले दिसत होते. व्यायामासाठी येत राहण्यास तिला सांगण्यात आले. ती दोन वेळा आली व नंतर आली नाही. काही महिन्यांनी मुलाच्या औषधासाठी ती आली, तेव्हा केसपेपरवर अंगठा उठवण्यासाठी तिने डावा हात पुढे केला. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. आमच्या नोंदवहीत मात्र तिच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असा शेरा होता. तो शेरा खोटा नव्हता, पण खराही नव्हता.

असे का घडते? हाड जुळण्यासाठी ते स्थिर ठेवावे लागते. परंतु त्या स्थिरतेची किंमत भोवतालच्या अवयवांना मोजावी लागते. वापरात नसलेला स्नायू काही दिवसांतच रोडावू लागतो. सांध्याभोवतीचे आवरण आखडते. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते व ते हालचालीमुळेच नीट पोहोचते. म्हणून हाड जुळले तरी हात कामाचा होतोच असे नाही.

भौतिकोपचार या ठिकाणी सुरू होतो, किंबहुना त्याआधीच सुरू व्हावा लागतो. मनगट प्लास्टरमध्ये असतानाच बोटे, कोपर व खांदा हलवत ठेवावे लागतात. प्लास्टर निघाल्यावर प्रथम सूज उतरवणे, मग सांध्याची हालचाल वाढवणे, त्यानंतर स्नायूंची ताकद आणि शेवटी प्रत्यक्ष कामाचा सराव, असा क्रम असतो. पिळा घालून कपडे पिळणे, भाकरी थापणे, भरलेली कळशी उचलणे ही आमच्या विभागातील अखेरची परीक्षा होय.

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या बाबतीत तर हा प्रश्न जिवाशी निगडित असतो. अंथरुणावर पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तज्ज्ञांची अनुमती असल्यास रुग्णाला शक्यतो दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. ‘आजींना जरा आराम करू द्या,’ असे नातेवाईक कळवळून म्हणतात. त्यांची माया आम्ही जाणतो. परंतु तो आरामच घातक ठरू शकतो.

जुनाट वेदनेची गोष्ट थोडी निराळी आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्यात इजा भरून आलेली असली तरी मज्जासंस्था अतिसंवेदनशील झालेली असू शकते. दुखते म्हणून माणूस हालचाल टाळतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात, व दुबळेपणामुळे अधिक दुखते. हे चक्र बेताबेताने वाढवत नेलेल्या व्यायामाने तोडता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. जुनाट कंबरदुखीविषयी या संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत व्यायाम व रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा व ट्रॅक्शन यांचा सरसकट वापर करू नये, असे म्हटले आहे. मात्र कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, पाय लुळा पडणे किंवा लघवीवरील ताबा जाणे अशी लक्षणे असल्यास व्यायामाची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

आपल्याकडे या शास्त्राचा पाया 1950 च्या दशकात मुंबईत घातला गेला. के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले व 1955 साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्या काळी पोलिओने पाय गमावलेल्या बालकांना उभे करणे हे मोठे आव्हान होते. 2014 साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. आज विभागात बालकांच्या जागी अपघातग्रस्त, पक्षाघाताचे रुग्ण व गुडघेदुखीचे वृद्ध दिसतात. पण उपचाराचे सूत्र तेच आहे. हालचाल रुग्णाने स्वतः करावयाची असते, तज्ज्ञाने ती शिकवायची असते.

येथे हिशेबाचा एक मुद्दा मांडणे कर्तव्य समजतो. देणगीदार मोठ्या मनाने यंत्रे देतात, त्यावर स्मृतिफलक लागतो, ताळेबंदात ती मालमत्ता म्हणून दिसतात. तज्ज्ञाने रुग्णाशेजारी घालवलेला अर्धा तास मात्र केवळ खर्चाच्या बाजूला नोंदला जातो. वास्तविक रुग्ण बरा होतो तो मुख्यतः त्या अर्ध्या तासाने व घरी नेमाने केलेल्या व्यायामाने. आणि रुग्ण येणे थांबतात त्याचे कारण बहुधा आळस नसते. एका खेपेला एस.टी.चे भाडे लागते व दिवसाची मजुरी बुडते.

वर उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर आम्ही काही बदल केले. हात-पाय मोडलेल्या रुग्णाच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ हा शेरा आता भौतिकोपचार तज्ज्ञाच्या सहीशिवाय लिहिला जात नाही. व्यायामाची चित्रे असलेला कागद प्रत्येकाला दिला जातो. आठवडी बाजाराच्या दिवशी विभाग उशिरापर्यंत खुला ठेवला जातो, जेणेकरून एकाच खेपेत दोन्ही कामे व्हावीत. त्या भगिनीचे उपचारही पुन्हा सुरू केले. तिची मूठ आता वळते. मनगट मात्र पूर्वीसारखे झालेले नाही. वेळेवर झालेले काम व उशिरा झालेले काम यांतील हा फरक आहे.

नातेवाईकांना विनंती की, रुग्णाचे काम स्वतः करून देण्याऐवजी ते त्याला करू द्यावे व शेजारी उभे राहावे. देणगीदारांना नम्र आवाहन असे की, या वर्षी यंत्राऐवजी आणखी एका तज्ज्ञाचे वेतन व गरजू रुग्णांचे प्रवासभाडे यांसाठी साहाय्य करावे. अशा देणगीवर फलक लावता येणार नाही. परंतु तिच्यामुळे कुणाचा तरी उजवा हात पुन्हा कामाला लागेल.