खैर आणि खैरात

नकाशात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बोट ठेवलं, तर सेनेगल देशाच्या पोटात शिरलेली एक बारीक पट्टी दिसते. हा गांबिया. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लहान देश. एका नदीच्या दोन काठांवर तो वसला आहे आणि त्याची रुंदी जेमतेम पन्नास किलोमीटर. डोंगर म्हणावा असा नाहीच. सायकलवाल्याला याहून सोयीचा मुलूख कुठला? म्हणूनच युरोपातून काही मंडळी गटागटानं इथं सायकल चालवायला येतात. पण नुसती हौस म्हणून नव्हे. गावातल्या शाळेसाठी, विहिरीसाठी, दवाखान्यासाठी पैसा उभा करायला.

याची रीत साधी आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक जण नातलगांकडून, मित्रांकडून वर्गणी जमवतो. ‘मी इतके किलोमीटर सायकल मारीन, तुम्ही इतके पैसे द्या,’ असा हा सौदा. गटाच्या पुढं स्थानिक वाटाड्या असतो, मागं सामानाची गाडी. जून ते ऑक्टोबर पावसाळा, म्हणून अशा सफरी हिवाळ्यात निघतात. तेव्हा सहाराकडून हरमट्टन नावाचा कोरडा, धुळकट वारा सुटलेला असतो आणि किनाऱ्याकडून आत निघालेल्यांना तो नेमका समोरून लागतो. मोठे रस्ते डांबरी आहेत. गावात शिरणाऱ्या वाटा मात्र वाळूच्या आणि लाल मातीच्या. कोकणातल्या माणसाला ती पाहून जांभा आठवेल.

मोटारीतून जाणाऱ्याला गाव दिसतं. सायकलवाल्याला गावात थांबावं लागतं. पाणी हवं असतं, सावली हवी असते. गावाच्या मध्यावर मोठ्या झाडाखाली बसायची जागा असते, तिला ‘बांताबा’ म्हणतात. हा त्यांचा पार. गावच्या मुखियाला ‘अल्कालो’ म्हणतात. त्याला भेटायचं, तर आपल्याकडच्या सुपारीसारखी कोलाची बी हातावर ठेवायची, अशी जुनी चाल आहे. मग सुरू होतं क्षेमकुशल. मांडिंका भाषेत विचारतात, ‘घरची माणसं कुठं आहेत?’ उत्तर येतं, ‘तिथंच आहेत.’ पुढचा प्रश्न, ‘कायिरा आहे ना?’ म्हणजे शांतता, सुख आहे ना? हा ‘कायिरा’ म्हणजे अरबी ‘खैर’. ‘आता त्याची खैर नाही’ असं आपण म्हणतो ना, तोच हा शब्द. व्यापाराच्या आणि धर्माच्या वाटेनं तो एकीकडे आफ्रिकेच्या टोकाला गेला, दुसरीकडे मराठीत येऊन बसला.

याच ‘खैर’चं अनेकवचन ‘खैरात’. मुळात अर्थ चांगलाच, पण मराठीत खैरात वाटणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. धर्मादाय सफरीची सारी परीक्षा या दोन शब्दांच्या मधे आहे.

परदेशी सायकली दिसल्या, की पोरं ‘तुबाब, तुबाब’ ओरडत धावत येतात. तुबाब म्हणजे गोरा पाहुणा. पाहुण्याला भरून येतं आणि तो पिशवीतून गोळ्या, पेनं काढून उधळतो. त्या घटकेला सगळ्यांना आनंद होतो. पण पुढचा गट येतो, तेव्हा तीच पोरं हात पसरून उभी असतात. हसून स्वागत करणाऱ्या मुलाला आपण मागायला शिकवून गेलो, हे त्या दात्याच्या गावीही नसतं. जाणते वाटाडे म्हणूनच सांगतात, द्यायचं ते शाळेत गुरुजींच्या हाती द्या.

जी गोष्ट पेनाची, तीच सायकलीची. अनेक संस्था श्रीमंत देशांतल्या वापरलेल्या सायकली कंटेनर भरून आफ्रिकेत पाठवतात. पण गिअरची नाजूक सायकल वाळूत बिघडली आणि तिचा सुटा भाग तालुक्याच्या बाजारातही मिळत नसला, तर ती कोंबड्यांना बसायला उरते. याला चांगलं उत्तर घानात सापडलं. तिथं ‘व्हिलेज बायसिकल प्रोजेक्ट’ हे काम १९९९ पासून सुरू झालं. ही मंडळी सायकल फुकट देत नाहीत. आधी एक दिवसाचं दुरुस्तीचं शिक्षण, मग अर्ध्या किमतीत सायकल. उरलेला अर्धा भार देणगीदारांचा. गावच्या मिस्त्रींना हत्यारंही स्वस्तात मिळतात. घेणाऱ्यानं घामाचे पैसे मोजलेले असतात, म्हणून तो चेनला तेल घालतो.

सायकलीनं खरंच फरक पडतो का? दूर दक्षिणेकडच्या झांबियात २०१७-१८ मध्ये शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना दणकट सायकली दिल्या आणि परिणाम मोजले. जाण्या-येण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशानं घटला, गैरहजेरी चौथ्या हिश्शाहून जास्त कमी झाली. सायकलींबरोबर तिथं शिकवलेला मिस्त्री, सुटे भाग आणि देखरेख करणारी गावची समितीही होती. आपल्या बिहारनं २००६ साली मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तिथंही माध्यमिक शाळांतल्या मुलींची संख्या वाढल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं.

म्हणून अशा सफरीसाठी कोणी वर्गणी मागितली, तर द्यावी. पण चार प्रश्न विचारून द्यावी. विमानाचं भाडं स्वार स्वतःच्या खिशातून भरतो, की वर्गणीतून? काय हवं, हे गावाला विचारून ठरलं, की पाहुण्यांनी ठरवलं? विहिरीचा पंप दोन वर्षांनी बिघडला, तर तो कोण दुरुस्त करणार? वाटाड्या, स्वयंपाकी, मिस्त्री यांना त्यांची मजुरी नीट मिळते ना?

आणखी एक हिशेब असतो, तो पावतीवर येत नाही. त्या सफरीत पाणी गावकरी देतात, सावली त्यांची, आपल्याच ताटलीतला भात पुढं सरकवतात तेही तेच. देणारा म्हणून निघालेला माणूस वाटभर घेतच असतो. हे ज्याला उमगलं, तो परत जाताना ‘मी त्यांना काय दिलं’ हे सांगत बसत नाही. तो त्यांची खुशाली विचारत राहतो, पुढच्या वर्षी पंपाची चौकशी करतो. ‘कायिरा आहे ना?’ या प्रश्नाचा अर्थ एवढाच आहे.