शरणपूरची शाळा आणि तिची आफ्रिकी मुले

आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या टोळीप्रमुखाच्या गावी, 1873 सालच्या मे महिन्यात एका तरुणाने झाडाची साल तासून खोडावर इंग्रजी अक्षरे कोरली. त्यांत नाव होते लिव्हिंगस्टन, खाली तारीख आणि सोबतच्या माणसांची नावे. झाडाखाली त्या जगप्रसिद्ध प्रवाशाचे हृदय पुरले होते. कोरणाऱ्याचे नाव जेकब वेनराइट. तो जन्माने आफ्रिकेतला, याओ जमातीचा. लिहायला-वाचायला मात्र तो शिकला नाशिकला, शरणपूरच्या मिशन शाळेत.

नाशिक जिल्ह्यातली जुनी अँग्लिकन परंपरेची शाळा म्हटले की बहुतेकांना देवळालीचे बार्न्स स्कूल आठवते. 1815 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीचे ते अपत्य, 1925 मध्ये देवळालीच्या माळावर आले. त्याचा इतिहासही मोलाचा आहे. पण शरणपूरची शाळा त्याहून कितीतरी जुनी, आणि तिच्या विद्यार्थ्यांनी जे केले ते माझ्या मते नाशिकच्या शैक्षणिक इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण आहे.

चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन पंथाची संस्था 1799 मध्ये लंडनला निघाली. नाशिकात तिचे काम 1832 च्या सुमारास सुरू झाले. पेशवाई बुडून जेमतेम चौदा वर्षे झाली होती. गोदाकाठच्या त्या तीर्थक्षेत्रात पाद्र्यांच्या शाळेकडे लोक संशयाने पाहत, आणि जो कोणी ख्रिस्ती होई त्याला घर, जात, धंदा आणि पाणवठा यांना एकदमच मुकावे लागे. अशा वाळीत पडलेल्यांनी राहायचे कुठे? यावर रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 च्या दशकाच्या मध्यावर उत्तर काढले. गावाबाहेर पश्चिमेला त्यांनी नवी वस्तीच वसवली. घरे, शाळा, अनाथाश्रम, शेती आणि कारखाना असे सगळे एका जागी. तेच शरणपूर. पुस्तकी शिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असा एखादा हुन्नर हाती असावा, म्हणजे मूल कोणाच्या दारी हात पसरणार नाही, हा प्राइसचा आग्रह होता.

याच वस्तीत 1860 च्या आसपास आफ्रिकी मुले येऊ लागली. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलुखातून, न्यासा सरोवराच्या परिसरातून, माणसे पकडून साखळदंडांत किनाऱ्यावर आणली जात आणि किल्वा-झांझिबारच्या बाजारातून गलबतांत भरून अरबस्तान आणि इराणी आखाताकडे नेली जात. ब्रिटिश आरमाराची जहाजे ही गलबते समुद्रात अडवीत. सुटलेल्या माणसांना परत घरी सोडणे शक्य नव्हते. वाटेत पुन्हा पकडले जाण्याची भीती होती, आणि कित्येक मुलांना आपले गाव नेमके कुठे हेही सांगता येत नव्हते. म्हणून त्यांना मुंबईला आणले जाई, आणि त्यांतली बरीच मुले मिशनच्या हवाली केली जात. शरणपूरला त्यांच्यासाठी आफ्रिकन असायलम नावाचा विभाग निघाला. कार्ल इझेनबर्ग हे जर्मन वंशाचे मिशनरी पूर्वी अबिसीनियात राहिलेले होते. या मुलांची देखरेख त्यांच्याकडे आली.

या मुलांना नवी नावे मिळाली. चेंगविंबे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. एडवर्ड गार्डनर, कॅरस फॅरर, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर ही सगळी अशीच बहाल केलेली नावे. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी या मुलांचे घर हिरावले आणि वाचवणाऱ्यांनी नाव बदलले, हे विसरून शरणपूरचे कौतुक करता येणार नाही. तरीही त्याच शाळेने त्यांच्या हातात जे दिले ते त्यांच्याकडून पुन्हा कोणी काढून घेऊ शकले नाही.

1865 साली डेव्हिड लिव्हिंगस्टन नव्या मोहिमेच्या तयारीसाठी मुंबईत आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर त्याचे चाहते. लिव्हिंगस्टनने नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण निवडले आणि 1866 च्या जानेवारीत त्यांच्यासह झांझिबारला प्रयाण केले. इंग्रजी कागदपत्रांत ही मंडळी ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी भरपूर कुरकुर आहे: ते आळशी आहेत, शिस्त नाही. काहीजण सोडून गेले, काही मेले. पण ज्या मुलखातून आपल्याला लहानपणी बांधून नेले, तिथेच रोगराई आणि उपासमार सोसत गोऱ्या साहेबाचे ओझे वाहत फिरणाऱ्या पोरांनी कुरकुर केली असेल तर त्यात नवल काय? त्या नवांपैकी एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत, म्हणजे सात वर्षे, लिव्हिंगस्टनबरोबर राहिला.

दुसरी तुकडी 1872 ची. लिव्हिंगस्टनच्या शोधात गेलेला पत्रकार स्टॅन्ली त्याला भेटून परत किनाऱ्यावर आला आणि त्याने मदतीसाठी माणसे पाठवली. त्यांत नाशिकचे तरुण होते: जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर आणि इतर. ऑगस्टमध्ये ते लिव्हिंगस्टनपाशी पोचले. नऊ महिन्यांतच तो गेला. मृत्यूची तारीख 1 मे 1873 अशी सर्वमान्य आहे. जेकबने झाडावर 4 मे कोरली.

पुढे या माणसांनी जो निर्णय घेतला, तो त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. मृतदेह घेऊन किनाऱ्यापर्यंत चालत जायचे! प्रेत बाळगणे हे त्या प्रदेशात मोठे अशुभ, शिवाय वाटेत लढाया. त्यांनी हृदय आणि आतडी काढून पुरली, जेकबने प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला, आणि देहाला मीठ लावून पंधरवडाभर उन्हात सुकवले. मग कापडात गुंडाळून, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घालून वर शिडाचे कापड शिवले. लिव्हिंगस्टनच्या सामानाची यादी जेकबनेच केली, सर्वांसमक्ष, साहेबाच्याच वहीत. हे काम लहान समजू नये. साहेबाच्या वस्तू चोरल्याचा आळ या काळ्या माणसांवर सहज आला असता. यादीने तो आधीच दूर ठेवला.

वाटेत लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरा, असा सल्ला त्याने दिला. या माणसांनी नम्रपणे नकार दिला. पुढे एका ठिकाणी लोकांनी प्रेत नेऊ देण्यास विरोध केला, तेव्हा त्यांनी देह कापडाच्या गासडीसारखा बांधला आणि दुसरे खोटे गाठोडे प्रेत म्हणून मागे पाठवले. दीड हजार किलोमीटरहून अधिक चालून, नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले.

जेकब देहासोबत इंग्लंडला गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देण्याचा मान मिळालेल्यांत तो एकटाच आफ्रिकी होता. त्या थडग्यावरच्या शिळेवर देह विश्वासू हातांनी भूमी आणि सागर ओलांडून आणल्याचा उल्लेख आहे. हातांची नावे नाहीत. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सोबत्यांसाठी साठ रौप्यपदके पाडली खरी, पण तोवर माणसे पांगली होती. पुढे लिव्हिंगस्टनचा मित्र होरॅस वॉलर याने त्याची अखेरची रोजनिशी छापली. तिच्यातून चुमा आणि सुसी या लिव्हिंगस्टनच्या जुन्या सोबत्यांची नावे अजरामर झाली, आणि लेखणी बाळगणारा जेकब बाजूला पडला. तो 1892 मध्ये आफ्रिकेतच उरांबोला वारला. त्याने त्या प्रवासाची स्वतःची रोजनिशी लिहिली होती. तिचे जर्मन भाषांतर 1874 मध्येच छापले गेले. कॅरस फॅररनेही हकीकत लिहून ठेवली. एका महान गोऱ्या प्रवाशाच्या अंताची आफ्रिकी माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली साक्ष आज आपल्याजवळ आहे, ती नाशिकच्या एका शाळेमुळे.

गोष्ट इथे संपत नाही. 1873 साली फ्रिअरच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. सुटलेल्या लोकांना आफ्रिकेतच वसवावे असे ठरले, तेव्हा नमुना म्हणून फ्रिअरच्या डोळ्यांसमोर होते शरणपूर. कामही प्राइसकडेच आले. मोंबासा बेटासमोर त्याने 1875 मध्ये फ्रिअरटाउन वसवले, आणि तिथले शिक्षक, सुतार, लोहार, उपदेशक म्हणून नाशिकला शिकलेली दीडशेच्या आसपास माणसे उभी राहिली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर 1864 मध्येच मोंबासाजवळच्या राबाईला गेले होते. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टनने दोघांना दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टनची हत्या झाली. उरलेला तांडा किनाऱ्यावर परत आणला तो जोन्सने. फ्रिअरटाउनची घंटा आजही मोंबासात आहे. गुलाम पकडणारे आले की ती वाजवली जाई. त्या चौकाला स्थानिक लोक केंगेलेनी म्हणतात.

आफ्रिकी मुले गेल्यावर शरणपूर ओसरत गेले. दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुलांना तिथे आसरा मिळाला. 1929 मध्ये नाशिकला स्वतंत्र बिशप आला, आणि 1970 मध्ये अँग्लिकन चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये विलीन झाले. वस्तीभोवती शहर वाढले. आज शरणपूर रोडवरून रोज हजारो नाशिककर ये-जा करतात. सेंट अँड्र्यूज चर्च त्या वस्तीची आठवण देत उभे आहे.

चितांबोच्या झाडाचा कोरीव भाग 1899 मध्ये लंडनला नेला. तो रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे. याच सोसायटीने 2007 मध्ये या ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळींवर प्रदर्शन भरवले. लंडन त्यांची आठवण काढते, मोंबासा काढते. नाशिकच्या शाळांनी आपल्या इतिहासाच्या तासाला जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि विल्यम जोन्स ही नावे शिकवावीत. जेकबची रोजनिशी मराठी वाचकाच्या हाती यावी. आणि महापालिकेने शरणपूरला एका दगडावर या सर्वांची नावे कोरावीत, मुलांना आधी मिळालेली आणि नंतर दिलेली, दोन्ही.