पगारी खेळाडूचा पहिला हिशेब

खेळासाठी पैसा घेणे हे एकेकाळी हलकेपणाचे लक्षण मानले जाई. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत बेसबॉलचे क्लब स्वतःला हौशी म्हणवीत आणि गुणी खेळाडूच्या हाती पडद्याआड पैसे ठेवीत. या ढोंगाला पहिला मोठा धक्का देणारा हॅरी राइट मुळात क्रिकेटवाला होता, हे आपल्याकडील क्रिकेटभक्तांना क्वचितच ठाऊक असते.

इंग्लंडमधील शेफील्ड येथे १८३५ साली जन्मलेल्या हॅरीचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी खेळाडू होते. मुलगाही तेथेच तयार झाला. पुढे सिनसिनाटीच्या क्रिकेट क्लबाने त्याला वर्षाला १,२०० डॉलरवर नेमले आणि त्या गावी तो बेसबॉलकडे वळला. १८६९ मध्ये त्याच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघातील प्रत्येक खेळाडूला उघडपणे पगार मिळू लागला. धाकटा भाऊ जॉर्ज याला १,४०० डॉलर, स्वतःला १,२०० च. सीमान्त उत्पादकतेचा सिद्धान्त पाठ्यपुस्तकांत स्थिरावण्यापूर्वीच या गृहस्थाने तो घरात लागू केला म्हणावयाचा! त्या वर्षी नव्या रेल्वेमार्गाने सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन आलेला हा संघ एकही सामना हरला नाही. मात्र वर्षअखेर क्लबापाशी १ डॉलर ३९ सेंटच शिल्लक उरले, असे सांगतात.

हॅरीचे खरे मोठेपण शिक्षकाचे. सामन्यापूर्वी नेमाने सराव, एका क्षेत्ररक्षकाच्या मागे दुसऱ्याने उभे राहणे, दारूला मज्जाव. आज सामान्य वाटणाऱ्या या गोष्टी त्याने शिस्तीने रुजविल्या. १८७१ मध्ये तो बॉस्टनला गेला. १८७२ ते १८७५ अशी सलग चार अजिंक्यपदे आणि नव्या नॅशनल लीगमध्ये १८७७ व १८७८ ची दोन त्याच्या संघाने मिळविली.

पण पगाराबरोबर मालकही आला. १८७९ च्या अखेरीस लीगच्या क्लबांनी आपसांत ठरविले की प्रत्येकाने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना इतर क्लबांनी घेऊ नये. ग्राहक एकच उरला की विक्रेत्याच्या भावाचे काय होते, हे निराळे सांगावयास नको. श्रमाची गोष्ट वेगळी नाही. त्या वर्षी प्रॉव्हिडन्सला अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या जॉर्जचेच नाव त्या क्लबाने राखीव यादीत घातले. त्याला ते मान्य नव्हते. १८८० मध्ये तो जवळजवळ खेळलाच नाही. १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग काढली, ती एकच हंगाम टिकली. या जोखडातून सुटका व्हावयास १९७५ चा लवादाचा निवाडा उजाडावा लागला.

हॅरीने १८९३ पर्यंत फिलाडेल्फियाचा संघ सांभाळला. १८९५ मध्ये तो वारला. पुढील एप्रिलमध्ये निरनिराळ्या शहरांत त्याच्या नावाने सामने झाले, आणि तिकिटांच्या पैशातून त्याचे स्मारक उभे राहिले.